मार्गदर्शन मिळणेस विनंती : गव्हर्नर प्लिनी आणि ख्रिस्ती लोकांची फाइल

ख्रिस्ती धर्माची सुरुवात म्हटलं की डोळ्यासमोर गव्हाणी येते, क्रूस येतो, सिंहांच्या पुढ्यात टाकलेली माणसं येतात. सगळं कसं भव्य. पण ज्याला ह्या धर्माशी काडीचंही देणंघेणं नव्हतं अशा बाहेरच्या माणसाने ख्रिस्ती लोकांना समोर उभं करून, प्रश्न विचारून, लिहून ठेवलेला जो सगळ्यात जुना रिपोर्ट आज आपल्या हातात आहे तो म्हणजे चक्क एक सरकारी पत्र आहे. खालच्या साहेबाने वरच्या साहेबाला लिहिलेलं, विषय अमुक, मार्गदर्शन मिळणेस विनंती, वगैरे.

लिहिणारा प्लिनी, बिथिनिया आणि पाँटस ह्या जोड-प्रांताचा गव्हर्नर (म्हणजे आजच्या तुर्कस्तानातली काळ्या समुद्राची किनारपट्टी). ज्याला लिहिलं तो सम्राट ट्राजन. साल साधारण इ.स. ११२, एखादं वर्ष इकडे तिकडे. प्लिनीच्या पत्रसंग्रहाच्या १०व्या पुस्तकात हा सगळा पत्रव्यवहार आहे आणि त्यातला क्रम बघण्यासारखा आहे. ९४ नंबरच्या पत्रात प्लिनी आपल्या एका मित्राला तीन मुलं असल्याची सवलत मागतो. रोमन कायद्यात तीन मुलांच्या बापाला बरेच फायदे असायचे, फक्त ह्या मित्राला तीन सोडा एकही मूल नव्हतं, पण ओळख असली की काय होत नाही, सम्राटाने थोडे आढेवेढे घेऊन दिली सवलत. ९६ नंबरचं पत्र ख्रिस्ती लोकांचं. आणि ९८ नंबरचं अमास्ट्रिस गावातल्या एका गटाराचं, ज्याला गावकरी नदी म्हणतात पण वास काही नदीचा येत नाही, तर ते वरून झाकून घ्यावं का? (ट्राजन म्हणाला घ्या झाकून.) जगातला सगळ्यात मोठा धर्म रोमच्या दप्तरात पहिल्यांदा नीट नोंदला गेला तो असा, वशिला आणि गटार ह्यांच्या मधे.

साहेबांचा स्वभाव

प्लिनी समजल्याशिवाय प्रकरण समजत नाही म्हणून थोडं त्याच्याबद्दल. इ.स. ७९ मध्ये इटलीतला व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला तेव्हा हा १७ वर्षांचा. त्याचा मामा, तोही प्लिनीच, आरमाराचा प्रमुख, तो डोंगरावरचा विचित्र ढग जवळून बघायला जहाज काढून निघाला आणि भाच्याला म्हणाला येतोस का. भाचा म्हणाला नको, माझा अभ्यास राहिलाय. मामा परत आला नाही, भाचा वाचला, आणि हे सगळं त्याने पुढे स्वतःच इतिहासकार टॅसिटसला पत्राने कळवलं. तर मुलगा असा. पुढे वकील झाला, सिनेटर झाला, इ.स. १००मध्ये कॉन्सल (सम्राटाखालोखालचं मानाचं पद) झाला आणि त्याबद्दल ट्राजनचे आभार मानणारं भाषण केलं, ते कमी पडलं असं वाटून नंतर वाढवून पब्लिशही केलं. माणूस प्रामाणिक, कष्टाळू, अक्षर न अक्षर वाचणारा, आणि स्वतःच्या जबाबदारीवर निर्णय घ्यायचा म्हटलं की घशाला कोरड पडणारा.

त्याला त्या प्रांतात पाठवलं होतं ते धर्मबिर्म बघायला नाहीच, हिशेब तपासायला. तिथल्या शहरांनी पैशाचा नुसता धुरळा उडवला होता. निकोमेडिया शहराने पाणी आणायच्या कालव्यावर ३३ लाख १८ हजार सेस्टर्स (रोमन नाणी) घातले, काम अर्धवट सोडलं, पाडूनही टाकलं, मग दुसऱ्या कालव्यावर २ लाख घातले, तोही सोडला, आणि पाणी काही आलं नाही. नायसियामध्ये एक कोटीच्या वर खर्चून बांधायला घेतलेलं थिएटर पुरं व्हायच्या आधीच खचायला लागलं, भिंतींना ह्या एवढाल्या भेगा. प्लिनी प्रत्येक गोष्ट ट्राजनला कळवतो, एखादा आर्किटेक्ट पाठवा म्हणतो, आणि ट्राजन उत्तर देतो की बाबा, आमच्याकडे रोमला जे आर्किटेक्ट येतात ते तुमच्याच बाजूने, ग्रीसमधून येतात, तुला तिथे मिळत नाहीत का. जुने शिक्षा झालेले कैदी आता सरकारी नोकर बनून पगार खातायत, त्यांचं काय करू? हेही पत्र आहे. पत्र जायला नि उत्तर यायला कित्येक आठवडे लागायचे, तोवर घोडं तिथेच पेंड खात उभं.

आता ह्या सगळ्यातला एक किस्सा मात्र नीट लक्षात ठेवा, कारण माझ्या मते ख्रिस्ती लोकांच्या प्रकरणाची खरी किल्ली तिथे आहे. निकोमेडियात मोठी आग लागली. कितीतरी घरं जळाली, मधे रस्ता होता तरी पलीकडची दोन सार्वजनिक बांधकामं, ज्येष्ठांचं सभागृह आणि इसिस देवीचं मंदिर, तीही गेली. आणि लोक? लोक हात बांधून बघत उभे. गावात ना पंप, ना साधी बादली. तर प्लिनीने लिहिलं की १५० माणसांचं एक अग्निशमन पथक काढू का, फक्त कारागीर घेईन, दुसरं कोणी घुसणार नाही ह्यावर मी स्वतः लक्ष ठेवीन, एवढ्याशा लोकांवर नजर ठेवणं काय अवघड नाही. किती रास्त मागणी. ट्राजनने साफ नाही म्हटलं. कारण काय तर ह्या प्रांतातली शहरं असल्याच मंडळांमुळे नासली आहेत, नाव काहीही द्या, कारण काहीही सांगा, चार लोक एकत्र जमले की थोड्याच दिवसांत त्यांचा राजकीय कंपू होतो. बादल्या-बिदल्या आणून ठेवा, घरमालकांना वापरू द्या, लागलं तर बघ्यांना कामाला लावा.

म्हणजे जिथे आग विझवायला एकत्र यायला बंदी, तिथे आठवड्याला गपचूप पहाटे जमून गाणी म्हणणाऱ्यांचं काय होणार हे वेगळं सांगायला नको. प्लिनीने सम्राटाच्या हुकुमानुसार अशा सगळ्या मंडळांवर बंदीचा जाहीरनामाच काढला होता.

तक्रारी येऊ लागतात

नेमकं कुठल्या गावात हे पत्रात नाही. पण आजूबाजूची पत्रं अमिसस आणि अमास्ट्रिस ह्या किनाऱ्यावरच्या गावांबद्दलची आहेत त्यामुळे पाँटसच्या बाजूला कुठेतरी, असा अंदाज बांधतात. तर तिथे प्लिनीसमोर लोक येऊन सांगायला लागले की अमका ख्रिस्ती आहे, तमका ख्रिस्ती आहे.

आणि इथे आपल्या वकीलसाहेबांची पंचाईत झाली. पत्राची सुरुवातच अशी आहे की मला ज्या ज्या बाबतीत शंका असते ती मी आपल्यापुढे ठेवतो हा माझा रिवाज आहे, (ट्राजनने हे वाचून मान डोलावली असेल की कपाळाला हात लावला असेल कोण जाणे) आणि मग कबुली देतो की ख्रिस्ती लोकांच्या खटल्यांना मी कधी हजर राहिलेलो नाही, त्यामुळे शिक्षा कशाची करतात, चौकशी कशाची करतात, किती खोलात जायचं, मला काही माहीत नाही. वयाचा विचार करायचा का, कोवळ्या पोरांना आणि मोठ्यांना एकच न्याय का, सोडलं म्हणाला तर माफी द्यायची का. आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: नुसतं ख्रिस्ती हे नाव असणं हाच गुन्हा आहे की त्या नावाला चिकटलेले जे गुन्हे म्हणतात ते सिद्ध व्हायला लागतात?

प्रश्न उत्तम आहे. इतका उत्तम की त्याचं उत्तर यायच्या आधी कोणी काही करू नये. पण साहेबांनी काय केलं? तर समोर आणलेल्यांना विचारलं, तू ख्रिस्ती आहेस का. हो म्हणाला तर दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं, मधे शिक्षेची धमकी दिली. तरीही हो म्हणाला तर मृत्युदंड. आणि हे कुठल्या कलमाखाली? तर त्याचं म्हणणं असं की ते जे काही कबूल करतायत ते काही का असेना, हा हेकटपणा आणि हा न वाकणारा हट्ट ह्याला शिक्षा झालीच पाहिजे ह्याबद्दल मला शंका नव्हती. एरवी गटाराचीही शंका येणारा माणूस हा, आणि इथे मात्र शंका नव्हती. सगळ्या साम्राज्याला लागू असा ख्रिस्ती लोकांविरुद्धचा एखादा कायदा होता आणि त्याचं नाव प्लिनीने घेतलं, असं काही नाही. गव्हर्नरने तीनदा विचारलं आणि तीनदा त्याला नको ते उत्तर मिळालं, बस. किती लोकांना मारलं हा आकडा पत्रात नाही. कालव्यावरच्या खर्चाचा आकडा शेवटच्या हजारापर्यंत देणाऱ्या माणसाने हा आकडा मात्र दिलेला नाही.

त्यातले जे रोमन नागरिक होते त्यांची नावं बाजूला काढून रोमला पाठवायच्या यादीत टाकली. नागरिकाचं प्रकरण अंगाशी येऊ शकतं ना.

मग जे नेहमी होतं तेच झालं. साहेब ह्या विषयात लक्ष घालतायत म्हटल्यावर तक्रारींचं पेव फुटलं आणि त्यात एक निनावी कागद येऊन पडला, खाली सही नाही, वर नावांची ही लांब यादी. आता निनावी अर्जात कोणाकोणाची नावं असतात हे काय सांगायला पाहिजे का, भाऊबंदकी, उधारी, बांधाचं भांडण, सगळं त्यात आलंच असणार. पण प्लिनीने तोही कागद घेतला आणि त्यातल्या लोकांना बोलावलं, आणि त्यांच्यासाठी एक टेस्ट काढली. देवांच्या मूर्तींसोबत सम्राटाचा पुतळा आणून ठेवायला लावला. मी म्हणतो तसं माझ्यामागून देवांची प्रार्थना म्हण, पुतळ्यापुढे धूप आणि वाइन वाहा, आणि ख्रिस्ताला शिव्याशाप दे. हे तिन्ही केलंस तर जा घरी. कारण त्याने कुठूनतरी ऐकलं होतं की जे खरे ख्रिस्ती असतात त्यांच्याकडून ह्यातलं एकही जबरदस्तीने करून घेता येत नाही. ट्राजनचा पुतळा चाचणीत वापरून ते ट्राजनलाच कळवायचं, ह्यातला चतुरपणाही बघा.

सोडून गेलेले लोक काय म्हणाले

आता ह्या पत्रातला सगळ्यात किमती भाग. यादीतल्या काहींनी सांगितलं की हो, आम्ही होतो ख्रिस्ती, पण आता नाही. कोणी ३ वर्षांपूर्वी सोडलं होतं, कोणी त्याच्याही बऱ्याच आधी, एखाद्याने तर २० वर्षांपूर्वी. जरा हिशेब करा, ११२मधून २० वजा करा, म्हणजे इ.स. ९०च्या आसपास पाँटससारख्या आडबाजूच्या प्रांतात लोक ख्रिस्ती होऊन, कंटाळून, सोडूनही झाले होते! धर्म साठ वर्षांचा आणि त्याला माजी सदस्य. चर्चच्या इतिहासात आपल्याला हुतात्मे भेटतात, संत भेटतात, पण हा जो मधला माणूस, गेलो होतो काही दिवस, मग नाही जमलं, हा फार क्वचित भेटतो आणि इथे तो साक्ष देतोय.

आणि तो इथवर पोचला कसा हीही गंमत आहे. नव्या करारात, प्रेषितांच्या कृत्यांमध्ये लिहिलंय की पौलाने (पहिल्या पिढीतला सगळ्यात नावाजलेला धर्मप्रचारक) बिथुनियात (मराठी बायबलात ते बिथुनिया, आणि पाँटस म्हणजे पंत) जायचा प्रयत्न केला पण येशूच्या आत्म्याने त्याला जाऊ दिलं नाही. म्हणजे खुद्द पौलाला जिथे एंट्री मिळाली नाही तिथे धर्म त्याच्याशिवाय पोचला. कोणी नेला? नाव नाही माहीत. पाँटसचा अक्विल्ला म्हणून एक तंबू शिवणारा होता, पौल त्याच्याच घरी राहून काम करायचा, त्याचा उल्लेख आहे. येशूचा शिष्य पेत्र, त्याच्या नावाच्या पहिल्या पत्राच्या मायन्यात पाँटस आणि बिथिनियाचं नाव आहे. तर असे कोणी कारागीर, व्यापारी, बंदरावर माल उतरवणारे, कोणाची तरी मोलकरीण. ख्रिस्ती धर्म पसरला तो मुख्यतः अशाच लोकांच्या बोलण्यातून, पौलाच्या दौऱ्यांचे नकाशे आपल्याला पाठ असतात कारण त्याने पत्रं लिहिली म्हणून.

बरं, साक्ष काय दिली? ते म्हणाले आमची चूक म्हणा गुन्हा म्हणा, एवढाच होता की ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमायचो, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने एक स्तोत्र म्हणायचो, आणि शपथ घ्यायचो. शपथ म्हटल्यावर प्लिनीचे कान टवकारले असणार, कारण रोममध्ये गुप्त शपथ म्हणजे कट. तर शपथ कसली, की चोरी करणार नाही, दरोडा घालणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, आणि कोणी ठेवायला दिलेले पैसे परत मागितले तर नाही म्हणणार नाही. ही शेवटची शपथ आपल्याकडच्या बुडालेल्या पतसंस्थांच्या संचालकांना द्यायला हवी होती. मग घरी जायचो आणि पुन्हा जेवायला जमायचो, जेवण मात्र अगदी साधं, कोणाचं काही न बिघडवणारं. हे साधं जेवण मुद्दाम का सांगितलं? कारण बाजारात बोललं जायचं की हे लोक पोरं मारून खातात. घरात बसून कोणाचं तरी शरीर खातो आणि रक्त पितो (म्हणजे भाकरी आणि वाइन, ख्रिस्ताचं शरीर-रक्त मानून) असं म्हणणाऱ्यांबद्दल शेजाऱ्यांनी दुसरं काय समजायचं म्हणा! आणि वर ते म्हणाले की साहेब, तुमचा मंडळबंदीचा जाहीरनामा आला तेव्हापासून आम्ही ते जेवणही बंद केलं.

उजाडायच्या आत का, तर त्याला फार गूढ अर्थ लावायची मला तरी गरज वाटत नाही. ठरलेला दिवस बहुधा रविवार, आणि तो काही सुट्टीचा दिवस नव्हता, जमणाऱ्यांत गुलाम आणि मजूर होते, मालक उठायच्या आत परत कामावर हजर राहायचं तर दुसरी वेळ कुठली.

इथपर्यंत वाचताना हसू येतं. पुढच्या ओळीला थांबतं. प्लिनीला हे सगळं खोटं वाटलं, म्हणजे एवढं साधं कसं असेल, आत काहीतरी असणारच. म्हणून त्याने दोन गुलाम बायकांना, ज्यांना त्यांच्या मंडळीत (म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायात) सेविका म्हणत, त्यांना यातना देऊन चौकशी केली. रोमन कायद्यात गुलामाची साक्ष अशीच घ्यायची पद्धत होती त्यामुळे तो हे एका वाक्यात, काही वावगं वाटून न घेता लिहितो. निष्पन्न काय झालं? त्याच्याच शब्दांत, एका वाह्यात आणि बेसुमार अंधश्रद्धेपलीकडे काही सापडलं नाही. म्हणजे मुलं खाणं नाही, कट नाही, काही नाही. आधीच्या लोकांनी सांगितलं होतं तेच. आणि हे कळलं ते काही जणांना मारून झाल्यावर.

त्या दोघींबद्दल अजून एक गोष्ट. त्या कोणाच्या तरी मालकीच्या होत्या, आणि त्याच वेळी मंडळीत त्यांना पद होतं. रोमन समाजात गुलाम बाईला कुठली संस्था पद देणार? त्या काळच्या ख्रिस्ती लोकांबद्दल मोठमोठे ग्रंथ जे सांगत नाहीत ते एका छळाच्या नोंदीत, तेही लिहिणाऱ्याला त्याचं महत्त्व न कळता, सांगून गेलंय.

बाजाराचं काय

पत्राच्या शेवटी प्लिनी जरा घाबरवतो आणि जरा फुशारकी मारतो. ही लागण शहरांतच नाही, खेड्यापाड्यांत शेताशिवारात पसरली आहे, सगळ्या वयाचे, सगळ्या थरांतले, बायका-पुरुष सगळे ह्यात आहेत. पण काळजी नको, आवरता येईल, कारण ओस पडलेल्या देवळांत पुन्हा माणसं दिसायला लागलीत, बंद पडलेले विधी सुरू झालेत आणि बळीच्या जनावरांचा जो बाजार बसला होता, गिऱ्हाईक मिळत नव्हतं, तो पुन्हा चालायला लागलाय.

हे शेवटचं वाक्य मला फार बोलकं वाटतं. देवळात बळी दिलेल्या जनावराचं मांस बाजारात यायचं आणि ते खायचं की नाही ह्यावरून ख्रिस्ती लोकांत पहिल्यापासून डोकेफोड होती. पौलाने करिंथच्या मंडळीला पन्नासच्या दशकातच लिहून कळवलं होतं की मार्केटात विकायला असतं ते खा, कुठून आलंय हे उकरत बसू नका, पण कोणी सांगितलंच की हे मूर्तीपुढचं आहे तर मग खाऊ नका. अर्थात सगळे काही पौलाचं ऐकत नव्हते. बरेच जण खातच नसणार, त्यात बाजार बसणार, आणि बाजार बसला की खाटीक, जनावरं पुरवणारे, देवळाच्या आजूबाजूचे दुकानदार ह्या सगळ्यांच्या श्रद्धा अचानक फार जाग्या होतात. एफिससमध्ये आर्तेमिस देवीची चांदीची देवळं घडवणाऱ्या सोनारांनी पौलाविरुद्ध रस्त्यावर दंगा केला होता त्याचं कारण त्यांनी स्वतःच सांगितलं होतं, की आपला धंदा बुडत चाललाय. तो निनावी कागद कोणी टाकला ह्याला पुरावा काही नाही, पण मी चौकशी अधिकारी असतो तर आधी खाटीक आळीत गेलो असतो.

वरून उत्तर आलं

ट्राजनचं उत्तर प्लिनीच्या पत्रापुढे चिठ्ठीएवढं आहे. माझ्या सेकुंडस (हे प्लिनीचंच शेवटचं नाव), तू केलंस ते योग्य केलंस. सगळीकडे लागू होईल असा एकच ठरलेला नियम ह्यात करता येत नाही. त्यांना हुडकत फिरायचं नाही. कोणी आणून उभे केले आणि सिद्ध झालं तर शिक्षा करायची, मात्र जो म्हणेल मी ख्रिस्ती नाही आणि आपल्या देवांची पूजा करून ते दाखवेल त्याला माफ करायचं, मागे त्याच्याबद्दल कितीही संशय असला तरी. आणि निनावी कागद कुठल्याही गुन्ह्यात घ्यायचे नाहीत, ते फार वाईट उदाहरण आहे आणि आपल्या काळाला शोभत नाही.

वयाचं काय? उत्तर नाही. नाव हा गुन्हा की कृत्य हा गुन्हा? थेट उत्तर नाही, पण देवांची पूजा केली की सुटका ह्याचा अर्थ नावच गुन्हा. ज्यांना मारलं त्यांचं काय? योग्य केलंस. निनावी कागद घेतला त्याबद्दल मात्र एक सभ्य चपराक. मुरलेला प्रशासक म्हणतात तो हा, कागदावर काही सापडू नये आणि काम तर व्हावं.

ह्यातली मेख काढली ती टर्टुलियनने. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक, वकिली तोंड, इ.स. १९७च्या सुमाराला ख्रिस्ती लोकांच्या बचावाचा जो ग्रंथ लिहिला त्यात त्याने ट्राजनच्या ह्या उत्तराची अक्षरशः सालं काढली. हुडकू नका म्हणता म्हणजे ते निर्दोष आहेत, आणि सापडले तर शिक्षा करा म्हणता म्हणजे दोषी आहेत, अहो काहीतरी एक ठरवा! आणि दुसरं, बाकी गुन्हेगार नाही म्हणतात म्हणून तुम्ही त्यांना कबूल करेपर्यंत छळता, आमचे लोक हो म्हणतात म्हणून तुम्ही त्यांना नाही म्हणेपर्यंत छळता. काल चोरी केली पण आज मी चोर नाही असं म्हणणाऱ्याला कुठलं कोर्ट सोडतं? बरोबरच आहे त्याचं. फक्त एक गोष्ट त्याच्या रागात हरवते, की तर्काला न टिकणाऱ्या ह्याच नियमामुळे रोजच्या आयुष्यात बहुतेक ख्रिस्ती लोक जिवंत राहिले. सरकार शोधायला येत नव्हतं. तक्रारदाराला स्वतःच्या नावाने पुढे यावं लागत होतं आणि तक्रार खोटी ठरली तर त्याच्यावर शेकायची भीती होती, पुढे सम्राट हेड्रियनने तर आशिया प्रांताच्या गव्हर्नरला तसं स्पष्टच लिहून कळवलं. शेजारी बिथरले, दुष्काळ पडला, रोगराई आली, गव्हर्नर तापट निघाला, की त्या त्या गावात हाल, आणि बाजूच्या गावात सगळं शांत. धरलं तर चावतं सोडलं तर पळतं अशा अवस्थेत ही व्यवस्था जवळजवळ १४० वर्षं रेटली गेली, डेसियस सम्राटाने इ.स. २४९-२५०मध्ये सगळ्या प्रजेनेच देवांना बळी द्यायचा हुकूम काढेपर्यंत. त्या वेळी बळी दिल्याचे रीतसर दाखले वाटले होते, साक्षीदारांच्या सह्यांनिशी, आणि असे चाळीसहून जास्त दाखले इजिप्तच्या वाळूत पपायरसवर सापडलेत. प्लिनीच्या टेस्टचाच हा होलसेल अवतार.

आणि त्याच्या प्रांताचं पुढे काय झालं ते थोडक्यात. ज्या निकोमेडियाला १५० माणसांचं अग्निशमन पथक नाकारलं तिथेच सम्राट डायोक्लेशनने राजधानी थाटली, राजवाड्यातून दिसेल एवढं मोठं चर्च तोवर गावात उभं होतं, २३ फेब्रुवारी ३०३ला ते पाडून त्याने शेवटचा मोठा छळ सुरू केला, आणि मग राजवाड्यालाच आग लागली, एकदा नाही दोनदा. आळ ख्रिस्ती लोकांवर आला. कोणी म्हणतं त्याच्या हाताखालच्या सहसम्राटाने, गॅलेरियसने, मुद्दाम लावली, कोणी म्हणतं वीज पडली. आणि खचलेल्या थिएटरवालं नायसिया, तिथे ३२५मध्ये कॉन्स्टंटाइन सम्राटाने सरकारी खर्चाने बिशपांची परिषद भरवली, ख्रिस्त नेमका कितपत देव आहे हे ठरवायला. मंडळबंदी वगैरे कोणाला आठवली नाही.

राहता राहिला एक प्रश्न जो ह्या पत्राबद्दल हमखास निघतो: हे पत्र खरं कशावरून, नंतर कोणी ख्रिस्ती माणसाने घुसडलं नसेल कशावरून? शंका अगदीच बिनबुडाची नाही, कारण १०व्या पुस्तकाचं जे एकमेव जुनं हस्तलिखित होतं ते साधारण १५००च्या सुमाराला पॅरिसकडे सापडलं, १५०८मध्ये व्हेनिसचा छापखानेवाला आल्डस मनुशियस ह्याने त्यावरून पूर्ण पुस्तक छापलं, आणि मग ते हस्तलिखित गायबच झालं. पण टर्टुलियनला हे पत्र माहीत होतं आणि तो त्याचा सारांश देतो, म्हणजे दुसऱ्या शतकाच्या शेवटी ते फिरत होतंच. भाषा प्लिनीची, कटकट प्लिनीची. आणि मला सगळ्यात पटतं ते हे की खोटं पत्र रचणाऱ्या भक्ताने त्यात धडाधड धर्म सोडणारे लोक कशाला घातले असते, देवळं पुन्हा भरतायत हे कशाला लिहिलं असतं? त्याने एखादा चमत्कार घातला असता, मारलेल्यांचा दणदणीत आकडा दिला असता, आणि त्या दोन बायकांची नावं तर नक्कीच लिहिली असती.